सुरी लागली की पसरतो म्हणे

छातीत गाठ निघाली की घरातल्या चर्चेत हे वाक्य कुणीतरी टाकतंच, "सुरी लावू नका हं, सुरी लागली की कॅन्सर पसरतो." आमच्याकडे शेजारच्या काकूंनी टाकलं, तेही मावशीच्या तोंडावर. मग काय, मावशी बायोप्सीलाच, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायलाच, तयार होईना. अगं सुईने पसरत नाही, आपण नुसतं बसून राहिलो की वाढतो, हे तिला पटवता पटवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

पण ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्यातल्या पेशींचं नेमकं काय होतं, हा प्रश्न डॉक्टर लोकांनीही सोडलेला नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमने यावर मोठी ट्रायल केली, 2011 ते 2022, देशातली 11 हॉस्पिटलं, 1600 बायका. निम्म्यांना नेहमीसारखं ऑपरेशन, आणि निम्म्यांना सुरी लावायच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेन, म्हणजे दातवाला हिरडीत देतो ना, तेच बधिर करायचं इंजेक्शन. बास, एवढंच. पाच वर्षांनी पहिल्या गटात 86.4 टक्के बायका हयात, इंजेक्शनवाल्या गटात 90.1 टक्के. शंभरेक रुपयांच्या औषधात! यावर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचा माणूस बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी याचं कौतुक करत बसणार नाही, हे आपलं माझं मत. अर्थात ही एकच ट्रायल आहे आणि सगळीकडे अजून हे रुटीन झालेलं नाही. सर्जनला विचारायला मात्र काय हरकत आहे?

मावशीला त्याचा उपयोग नव्हता, कारण ती ट्रायल थेट ऑपरेशन होणाऱ्यांवर होती आणि हिची गाठ मोठी म्हणून केमो आधी. ही गाठ तिला आंघोळ करताना लागली होती, दुखत नाही म्हणून तिने कुणाला सांगितलीच नाही. इथे टाटाचाच दुसरा अभ्यास आठवतो, 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेला, दीड लाखावर बायका, 35 ते 64 वयाच्या. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) वगैरे काही नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. वीस वर्षांनी बघितलं तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. मावशी चोपन्नची, म्हणजे अगदी त्याच वयातली. असो.

मग आला बायोप्सीचा रिपोर्ट. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोन्सवर वाढणारी, आणि हर-टू, म्हणजे पेशींवरचं एक प्रोटीन, त्याच्यासमोर "2+". आता हे हो की नाही? तर दोन्ही नाही, त्यासाठी फिश नावाची वेगळी टेस्ट पाठवावी लागते आणि तोवर घरात सगळे मोबाईलला चिकटून. पण ही वाट बघणं गरजेचं असतं बरं का, कारण हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब, साधारण वर्षभर, आणि निगेटिव्ह असेल तर त्या औषधाचा खर्च आणि हृदयावरचा ताण दोन्ही फुकट. तिन्ही निगेटिव्ह आले असते तर गोष्टच वेगळी. "अमक्याच्या वहिनीला हे दिलं, तुम्हाला का नाही" असं विचारणाऱ्यांना हे कसं समजवायचं देव जाणे. फिश निगेटिव्ह आली.

केमोने गाठ बरीच आटली तेव्हा सर्जन म्हणाले पूर्ण स्तन काढायची गरज नाही. मावशीचं म्हणणं, काढूनच टाका, कटकट नको. खरं तर इटलीत मिलानला वेरोनेसी नावाच्या सर्जननी छोट्या गाठींवर केलेल्या ट्रायलचे वीस वर्षांचे निकाल 2002 सालीच आलेत, फक्त तेवढा भाग काढून रेडिएशन दिलं तरी जगण्यात फरक पडत नाही. आणि मावशीच्या काखेतल्या गाठींमुळे रेडिएशन तसंही चुकणार नव्हतं. शेवटी काकांनीच तिला समजावलं, कसं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

आता रोज एक लेट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, वर्षानुवर्षं. सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात, म्हणून तिने मध्यंतरी परस्पर गोळी बंद केली होती आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. त्रास होत असेल तर त्याच जातीतली दुसरी गोळी बदलून देतात, पण आधी सांगायला तर पाहिजे ना! हाडं किती भक्कम आहेत ते बघायची डेक्सा टेस्ट पुढच्या महिन्यात आहे, मीच घेऊन जाणारे.