कूलरची टाकी, बंद घरं आणि डेंग्यूचं मॉडेल : माझा अनुभव

नागपुरात पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतात, पण खिडकीतून निघत नाहीत. टाकीत उरलेल्या पाण्यावर एडिस इजिप्ती डास वाढतो आणि पावसाळा सरत येतो तसे डेंग्यूचे पेशंट वाढतात. मनुष्यबळ मोजकं असतं. तपासणीची पथकं कुठे आणि किती दिवसांनी पाठवायची, हे ठरवायला संगणकी मॉडेल कसं उभं केलं ते इथे लिहीत आहे.

मनपाचे दहाही झोन एकदम घेऊ नका. एकच वस्ती घ्या. आम्ही नेटलोगो वापरलं. माणसं, घरं असे वेगवेगळे घटक पडद्यावर चालवून बघण्याचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जमिनीचे 25 मीटरचे चौकोन केले आणि एक टिक (मॉडेलमधली वेळेची एक पायरी) म्हणजे एक दिवस धरला. प्रत्येक डास वेगळा एजंट (मॉडेलमधला स्वतंत्र घटक) केला तर लॅपटॉप रांगायला लागतो, म्हणून डास घरागणिक आकड्यांत ठेवले: अंडी, अळ्या, कोष, प्रौढ. माणसं मात्र एकेक. हा डास दिवसा चावतो आणि सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. विषाणू लांब नेतो तो माणूसच. शाळेत, दुकानात, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारपेठेत) कामाला जाणाऱ्यांना दिवसाचा ठिकाणा दिला नाही, तर साथ एकाच गल्लीत विझते.

सगळ्यात जास्त वेळ टाकीवर घालवावा. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडूनही ती काही महिने टिकतात. पाणी लागलं की फुटतात आणि साधारण 7 ते 10 दिवसांत डास उडतो. म्हणून ‘टाकी रिकामी केली’ आणि ‘टाकी घासली’ या कोडमध्ये दोन वेगळ्या क्रिया हव्यात. पहिलीत अळ्या आणि कोष जातात, अंडी राहतात. दोन्ही एकच धरल्या तर आठवड्याचा कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी-टाक्या रिकाम्या करायचा दिवस) पडद्यावर फारच गुणकारी दिसतो. जुनी अंडी हिशेबात यावीत म्हणून मागचा अख्खा पावसाळा आधी चालवून घ्यावा आणि मगच मोजणी सुरू करावी.

फॉगिंगची मागणी सगळीकडून होते. धुराने उडते डास मरतात, टाकीतल्या अळ्या मरत नाहीत. मॉडेलमध्ये थोड्याच दिवसांत डासांची संख्या पुन्हा वर येते.

बंद घरांचं प्रमाण नुसतं सरासरीने भरू नका. समजा पाचातलं एक घर बंद आहे. ती घरं वस्तीभर विखुरलेली असणं वेगळं आणि एकाच इमारतीत असणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत तिथूनच दर आठवड्याला नवे डास निघतात आणि शेजारच्यांनी घासलेल्या टाक्यांत पुन्हा अंडी पडतात. उघडी घरं दुसऱ्यांदा तपासण्यापेक्षा बंद घरांकडे संध्याकाळी फेरी मारणं आमच्याकडे बहुतेक वेळा सरस ठरलं.

मॉडेल पेशंटच्या आकड्याशी जुळवायचा हट्ट सोडावा. बहुतेकांना लक्षणं जाणवत नाहीत, रॅपिड टेस्टवरचे पेशंट खात्रीच्या यादीत येत नाहीत, आणि कित्येकदा पत्ता गावाकडचा असतो. रुग्ण कधी वाढू लागतात आणि कोणत्या भागात आधी, एवढं जुळलं तरी पुष्कळ.

पथकं कुठे आणि किती दिवसांनी पाठवायची याचा प्रत्येक पर्याय 100 वेळा चालवा आणि सगळ्या पर्यायांना तेच 100 रँडम-सीड (मॉडेलमधले योगायोग ठरवणारे सुरुवातीचे आकडे) द्या. नेटलोगोतल्या बिहेवियरस्पेस या सोयीतून हे होतं. एका पेशंटपासून सुरू झालेली साथ पुष्कळदा आपोआप मरते, त्यामुळे सरासरी फसवते. साथ किती वेळा पेटली आणि पेटल्यावर किती वाढली, हे वेगवेगळं मांडा. मग डासाचं आयुष्य आणि बंद घरांचं प्रमाण कमी-जास्त करून बघा. तेवढ्याने ज्या पर्यायाचा क्रम उलटतो, त्याची शिफारस करू नये.

बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘किती पेशंट कमी होतील?’ एक आकडा देऊ नका. तेवढ्याच कर्मचाऱ्यांच्या तेवढ्याच तासांत कोणता पर्याय पुढे राहतो, ते सांगा. तास सारखे धरले नसतील तर तुलनेला अर्थ नाही. आणि पथकाच्या नोंदवहीत ‘घर बंद’च्या शेजारी वेळेचा एक रकाना वाढवून घ्या, तो नसेल तर संध्याकाळच्या फेरीचा हिशेब पुढच्या वर्षीही अंदाजावरच करावा लागेल.