वजनाचे हप्ते

रंकाळ्याच्या कडेला गाडी पंक्चर झाली. डिकीतला कात्री-जॅक काढला, तर त्याच्या आट्यांवर गंज; हलेचना. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने आमची झटापट पाहिली आणि सीटखालून आपला हायड्रॉलिक जॅक काढून दिला. म्हणाला, "घ्या दादा. पण दमानं मारा, घाई केली म्हणून काय गाडी लवकर चढत न्हाई."

आणि खरंच चढत नव्हती. तीस-पस्तीस वेळा दांडा खालीवर केला तेव्हा कुठे गाडी चार बोटं उचलली गेली. पण हाताला कष्ट असे नाहीतच. एवढं धूड मी उचलतोय यावर माझाच विश्वास बसेना.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. (बायको म्हणाली, आधी हात धुवा.) आतल्या लहान दट्ट्याचा व्यास 1 सेंटीमीटर आणि मोठ्याचा 3 धरला, तर क्षेत्रफळ 9 पट. तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, म्हणून जोरही 9 पट. दांडा ही तरफ. ती 15 पट देते असं समजू. एकूण 135 पट. गाडीच्या त्या कोपऱ्याचे 300 किलो माझ्या हाताला सव्वादोन किलो वाटणार, घर्षणाचं थोडं वेगळं. मात्र गाडी 1 सेंटीमीटर वर जायला हात 135 सेंटीमीटर फिरवायचा. वजन माफ होत नाही, फक्त हप्ते पाडून मिळतात. दाबाचा हा नियम पास्कलने 17 व्या शतकात सांगितला. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडच्या ब्रामाने घेतलं 1795 साली. मधली शंभराहून जास्त वर्षं लोक काय करत होते कोण जाणे.

गंजलेल्या कात्री-जॅकचाही धंदा हाच. त्याचा स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. पन्हाळ्याला सरळ कडा चढून जायचं तर छाती फुटेल. गाडीरस्ता वळणं घेत जातो, अंतर वाढतं आणि दम टिकतो.

विजेचे हप्ते मात्र दिसतच नाहीत. टाकीत 1000 लिटर पाणी 10 मीटर चढवायचं, तर नुसत्या चढवण्याच्या कामाचा हिशोब येतो एका युनिटचा छत्तिसावा भाग. मोटार वाया घालवते ते धरलं तरी किरकोळच. बटण दाबायचं नि चहा प्यायचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ही चैन संपली. पंचगंगा गावात शिरलेली, उपसा केंद्रं पाण्याखाली, म्हणून नळ कोरडे. चहूकडे पाणी आणि आम्ही टँकरच्या रांगेत. दहा-दहा लिटरच्या कळशा तिसऱ्या मजल्यावर नेल्या. दहाव्या खेपेला गुडघे बोलायला लागले, आणि तोवर टाकीतले झाले होते फक्त 100 लिटर. छत्तिसाव्या भागातलंही नव्वद टक्के काम बाकी!

तर त्या दिवशी स्टेपनी बसली, नट आवळले. मी पुन्हा दांड्याला हात घातला, तसा टेम्पोवाला हसला. "आता कशाला मारताय? झडप सैल करा." झडप जराशी फिरवली. तेल मागे सरकलं, आणि माझे पस्तीस हप्ते हुश्श करून एका दमात खाली बसले.