परतीचे वीस मीटर

२० मीटर खाली जायला आम्हा डायव्हरना तीन-चार मिनिटं पुरतात. वर येताना मात्र घाई चालत नाही. मिनिटाला ९ ते १० मीटरचा वेग आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं, म्हणजे सेफ्टी स्टॉप. काही प्रशिक्षण संस्था मिनिटाला १८ मीटरपर्यंत मुभा देतात, मी ती वापरत नाही. तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटचा इन्फ्लेटर, म्हणजे त्यात हवा भरणारा भाग, अडकला आणि कुणी काहीच केलं नाही, तर हेच अंतर संपायला मिनिटभरही लागत नाही. त्या वेळात विचार करायला बसता येत नाही, म्हणून हात कुठे जायचे ते बोटीवरच पक्कं करून ठेवायचं.

जॅकेट, म्हणजे बीसीडी, हातात घेऊन नीट बघा. डाव्या खांद्यावरून वळ्यावळ्यांचा जाड होज खाली येतो, त्याच्या टोकाला इन्फ्लेटर. एक बटण हवा भरतं, दुसरं सोडतं. ज्यातून आपण श्वास घेतो त्या रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजकडून, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाकडून, येणारा पातळ होज याच इन्फ्लेटरला जोडलेला असतो आणि त्यातला दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त असतो. भरायच्या बटणाखाली एक बारीक व्हॉल्व्ह आहे, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच जातीचा. समुद्राचं पाणी तिथे सुकलं की पिनेभोवती मिठाचे कण धरतात, कधी वाळूचा कण शिरतो, कधी स्प्रिंग थकलेली असते. मग बटण आत जातं आणि आतच राहतं.

म्हणून सिलिंडर उघडल्यावर मी ते बटण चार-पाच वेळा टिचकीसारखं दाबतो. दरवेळी ते खट्कन वर आलं पाहिजे. नंतर जास्तीच्या दाबाचा व्हॉल्व्ह फुरफुरेपर्यंत जॅकेट फुगवायचं, कान लावून ऐकायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. एवढं बहुतेक जण करतात. पातळ होज दाबाखाली असताना एकदा काढून परत जोडून बघणं मात्र फार थोडे करतात. बिनदाबाच्या होजची कॉलर, म्हणजे जोडावरची सरकती कडी, बोटाने सरकते, पण दाब आला की तीच कॉलर आवळून बसते. हातमोजे घालून डाइव्ह करणार असाल तर हातमोजे घालूनच काढून बघा. बटणाला हात न लावता जॅकेट भरत असेल आणि तोंडातल्या सेकंड स्टेजमधूनही हवा सुटत असेल, तर दोष बहुधा इन्फ्लेटरचा नसतो. फर्स्ट स्टेजचा दाब हळूहळू चढतो आहे असं समजायचं आणि ती डाइव्ह सोडून द्यायची.

पाण्याखाली बिघाड दोन तऱ्हांनी कळतो. एक, ‘सूंऽऽ’ असा सलग आवाज आणि पोटावरचा पट्टा आवळत जाणं. दुसरी तऱ्हा फसवी असते: बारीक गळती. काही कारण नसताना दर दोन मिनिटांनी हवा सोडावी लागते आणि डायव्हर स्वतःच्या तरंगण्याला दोष देत राहतो. खोली तीच, श्वास तसाच, तरी सारखी हवा सोडावी लागत असेल तर इन्फ्लेटर कानाजवळ धरून ऐका.

अडकल्याचं कळलं की श्वास चालू ठेवून पहिलं काम होज काढण्याचं. डाव्या हाताने इन्फ्लेटर छातीसमोर घट्ट धरायचा, उजव्या हाताने कॉलर होजच्या दिशेने मागे ओढायची. होज सुटतो आणि त्याचं तोंड आपोआप बंद होतं. रेग्युलेटरला काही होत नाही, श्वास मिळतच राहतो. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, सोडायचं बटण दाबून धरतो आणि भरणं चालूच राहतं. जाड होज खाली लोंबत असेल तर त्या बटणातून हवा जवळजवळ जातच नाही, आणि वर धरला तरी भरणं आणि सोडणं यांची शर्यत लागते. म्हणून आधी पुरवठा तोडा. नंतर इन्फ्लेटर डोक्याच्या वर धरून हवा सोडा. पुढे जॅकेटमध्ये हवा हवी असेल तर तोंडाने भरता येते.

हवा नेहमी जॅकेटच्या सर्वांत उंच जागी गोळा होते. उभे असाल तर हवा सोडायचा खांद्याचा व्हॉल्व्ह कामाचा. पोटावर आडवे किंवा डोकं खाली असेल तर कमरेमागच्या व्हॉल्व्हची दोरी ओढायची आणि ती बाजू थोडी उचलायची. डोकं खाली घालून जोरात पाय मारत खाली पोहण्याचा प्रयत्न करणारे खांद्याचा व्हॉल्व्ह ओढत राहतात. हवा तोवर कमरेपाशी जमलेली असते, त्यामुळे काहीच निघत नाही.

वेग तरीही आवरत नसेल तर शरीर आडवं करा, हातपाय पसरा, फिन्स (पायातले पंखे) पाण्याला आडव्या धरा. पाण्याचा अडथळा वाढतो आणि वेग कमी होतो. जवळ अँकरची दोरी किंवा खडक असेल तर पकडा, प्रवाळ सोडून.

आणि श्वास. २० मीटरवर दाब ३ बार, १० मीटरवर २, पृष्ठभागावर १. खाली घेतलेला ५ लिटरचा श्वास रोखून वर आलात तर तो १५ लिटर व्हायला बघतो, आणि फुप्फुसांना ते झेपत नाही. यासाठी फार खोल असावं लागतं असंही नाही. छातीभर श्वास रोखून दीड मीटरवरून वर येणंही इजा करायला पुरेसं ठरू शकतं. रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा आणि ‘आऽऽ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचे. फुप्फुसं पिळून रिकामी करायची नाहीत, फक्त गळा बंद होऊ द्यायचा नाही.

शेवटचे १० मीटर सर्वांत वाईट, कारण तिथेच आकारमान दुप्पट होतं. खाली राहता यावं म्हणून आम्ही कमरेला शिसं लावतो; ते गरजेपेक्षा जास्त लावणारा डायव्हर इथे सापडतो. ४ किलो शिसं जास्त असेल तर ते तोलायला २० मीटरवर जॅकेटमध्ये सुमारे ४ लिटर जादा हवा लागते. तीच न सोडलेली हवा १० मीटरवर ६ लिटर होते, पृष्ठभागाशी १२. इन्फ्लेटर ठणठणीत असला तरी एवढी हवा माणसाला वर नेते. माझ्या मते बेफाम वर जाण्याच्या घटनांचं मूळ पुष्कळदा बटणात कमी आणि कमरेच्या शिशात जास्त असतं. शिसं मोजताना शेवटची स्थिती धरायची: ५ मीटर खोली, सिलिंडरमध्ये ५० बार, जॅकेट रिकामं. १२ लिटरच्या सिलिंडरमधली १५० बार हवा वापरली की तुम्ही दोन किलोंहून थोडे जास्त हलके झालेले असता, हे त्या हिशेबात यायलाच हवं.

शिशाचा खिसा निसटून पडला तर होज काढून उपयोग नाही. जॅकेट पूर्ण रिकामं करा, आडवे व्हा, दोरी पकडा, आणि बडीला (सोबतच्या डायव्हरला) एखादा दगड किंवा स्वतःचं थोडं शिसं देता आलं तर बघू द्या.

उलटा बिघाडही होतो, जॅकेट हवा धरतच नाही. होजची पट्टी तुटते, कोपऱ्याचा जोड निघतो, व्हॉल्व्हच्या रबराखाली वाळू अडकते. गळती कुठे आहे ते बघून ती जागा खाली ठेवा. कमरेमागचा व्हॉल्व्ह गळत असेल तर उभे राहा, खांद्याचा गळत असेल तर आडवे होऊन तो खांदा खाली करा. बरीचशी हवा आत टिकते. तेवढ्यावर फिन्स मारत दोरीच्या आधाराने वर या आणि पृष्ठभागावर पोहोचताच शिसं सोडा. खोल पाण्यात सगळं शिसं एकदम टाकलं तर बुडणं थांबेल आणि वर उसळणं सुरू होईल.

बडीसाठी एकच नियम. हातात सापडला तर धरा आणि त्याची हवा सोडा. सुटला तर त्याच्यामागे त्याच वेगाने जाऊ नका, आपल्या वेगाने वर या.

बोटीवर आल्यावर ‘मला बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. फुप्फुसातून रक्तात हवा गेली असेल तर लक्षणं बहुधा पहिल्या १० मिनिटांत दिसतात: बेशुद्धी, गोंधळ, एका बाजूचा अशक्तपणा, दिसण्यात बिघाड. आवाज बदलणं, छातीत दुखणं, मानेच्या कातडीखाली चुरचुरणं हीसुद्धा फुप्फुसाच्या इजेची खूण. डीकम्प्रेशन आजार (दाब झपाट्याने उतरल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होणं) नंतर काही तासांत, बहुधा २४ तासांच्या आत दिसतो: सांधे दुखणं, मुंग्या, अतोनात थकवा. कोणतंही लक्षण दिसलं तर आडवं झोपवून १०० टक्के ऑक्सिजन द्या, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरना मदत करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करा. उपचार रीकॉम्प्रेशन चेंबरमध्येच, म्हणजे हवेचा दाब पुन्हा वाढवता येणाऱ्या बंद कक्षात, होतो. ‘परत थोडं खाली जाऊन स्टॉप पूर्ण करू’ हा विचार मनात आणू नका. ऑक्सिजनवर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

लक्षणं नसली तरी त्या दिवशीच्या पुढच्या डाइव्ह रद्द. एकाच साध्या डाइव्हनंतर विमानासाठी किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबतात. अशा घाईच्या परतीनंतर मी १८ हाच आकडा धरतो, आणि लक्षण दिसलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत विमान नाही. सिलिंडरमध्ये किती बार उरले ते लिहून ठेवा, डाइव्ह कॉम्प्युटरची नोंद पुसू नका. जॅकेट मात्र गोड्या पाण्यात बुडवायची घाई करू नका. पिनेशी धरलेलं मीठ धुऊन गेलं तर दुरुस्ती करणाऱ्याला बटण का अडकलं ते कधीच कळणार नाही.