जिप्सीसाठी थ्रॉटल सेन्सर निवडताना

माझी जिप्सी कार्बोरेटरवाली, 1298 सीसीची. ती आता रस्त्यावर चालवत नाही. टेम्पोवर घालून खासगी जागेतल्या ट्रॅकवर नेतो. उभ्या चढावर गाडी तिरकी झाली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका अंगाला जायचं आणि इंजिन ऐन मोक्याला बंद पडायचं. म्हणून कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसवायला घेतलं. त्याचा ईसीयू, म्हणजे किती पेट्रोल मारायचं ते ठरवणारा छोटा संगणक, स्पीडुइनो नावाचा. इंजेक्टर, पंप, क्रँक सेन्सर ही कामं ठरल्याप्रमाणे झाली. अडलं ते थ्रॉटल पोझिशन सेन्सरपाशी. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडलीय ते हा सेन्सर ईसीयूला सांगतो.

आधी वाटलं होतं, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे तर हा हवाच कशाला? गाडी चालू केल्यावर कळलं. कार्बोरेटरमध्ये छोटा अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो, पाय दाबला की तो जास्तीचं पेट्रोल पिचकारीसारखं आत मारतो. इंजेक्शनमध्ये ते काम ईसीयूचं, आणि पाय किती झटक्यात पडला हे त्याला सगळ्यात आधी थ्रॉटल सेन्सरच सांगतो. तो नव्हता तोवर रेस दिली की गाडी आधी गचका खायची, मग उचलायची.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे ही झडप ज्यात बसते तो भाग, पुण्याच्या नाना पेठेतून जुनी आणली होती. तिच्यावरचा सेन्सर कोणीतरी आधीच काढून नेलेला. उरली होती स्क्रूची दोन भोकं आणि इंग्रजी डी आकाराचा दांडा. एका दुकानदाराने "हाच बसतो" म्हणून सेन्सर दिला. बसलाही. पण हलवला की आतून टक् आवाज यायचा. मेकॅनिक काकांनी मीटर लावला आणि म्हणाले, "अरे, हा नुसता स्विच आहे. बंद कळतं, फुल उघडं कळतं, मधलं काहीच नाही." जुन्या काही गाड्यांना तेवढं पुरायचं, मला मधलंच हवं होतं.

दुसरा सेन्सर खरा पोटेन्शिओमीटर होता, म्हणजे फिरवला तसं सिग्नलचं व्होल्टेज हळूहळू बदलणारा, तीन वायरींचा: 5 व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. पण तो फिरायचा उलट्या दिशेला. नुसतं व्होल्टेज उलटं येत असतं तर 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या वायरी अदलाबदल करून भागलं असतं. इथे बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची फिरणारी चकती, उघडताना सेन्सर त्याच्या टोकाला जाऊन अडत होता. जोर दिला असता तर आतला हात तुटला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल उघडा अडकला असता. तो परत केला.

तिसरा भंगारातून आणला, दिशा आणि दांडा दोन्ही जुळणारा. बाहेरच्या दोन पिनांमध्ये 4.7 किलोओहम. डिजिटल मीटरवर सिग्नल व्यवस्थित चढत होता. तरीही काकांनी त्यांचा जुना काट्याचा मीटर काढला आणि सेन्सर अगदी सावकाश फिरवला. काटा सरळ वर गेला, साधारण पाव थ्रॉटलला एकदम खाली पडला, पुन्हा वर आला. परत फिरवला, परत तिथेच. आधीच्या गाडीने वर्षानुवर्षं जिथे जास्त वेळ काढला, तिथलाच आतला पट्टा झिजला होता. डिजिटल मीटरचे आकडे सावकाश बदलतात, त्यांत ही खोट दिसलीच नाही. ईसीयूला मात्र दिसली असती. प्रत्येक वेळी पाय सुटून पुन्हा पडला असं समजून त्याने फुकटचं पेट्रोल मारलं असतं. हा सेन्सर जुना घ्यायचाच नाही, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

शेवटी त्याच घाटाचा नवा घेतला. बसवताना दांड्यावर थोडा ताणून मगच स्क्रू आवळले, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाही आतली स्प्रिंग दांड्याला घट्ट धरून राहते. सिग्नल बंदला 0.52 व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर 4.38. दोन्ही टोकांना थोडी जागा सोडलेली बरी. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर सिग्नल 0 किंवा 5 व्होल्टला जाऊन चिकटतो आणि लगेच ओळखता येतो.

तरी रेडिएटरचा पंखा लागला की स्क्रीनवर थ्रॉटल आपोआप 3 टक्के उघडा दिसायचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. सेन्सरचं ग्राउंड मी बॉडीला दिलं होतं. ते सोडवून थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला नेलं, आणि आकडा शून्यावर स्थिर झाला. मग टोकांचं कॅलिब्रेशन, म्हणजे पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं कुठे ते ईसीयूला शिकवणं, पुन्हा केलं, इंजिन बंद ठेवून आणि पेडल पायाने दाबून. हाताने बटरफ्लाय उघडली तर ती पेडलपेक्षा जास्त उघडते.

आता चढावर रेस दिली की गाडी लगेच उचलते. तसाच एक सेन्सर डॅशच्या कप्प्यात ठेवलाय, आणि थ्रॉटल बॉडीवर त्याच्या जागेची खूण ओरखडून ठेवलीय.