मनसरच्या विटा, मिसोनच्या विटा आणि व्हिसा

आमचं शेत रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीपासून जवळच. खोदकाम होऊन वाकाटकांच्या काळातल्या विटा वर आल्या, त्या आधीपासून आम्ही तिथे बकऱ्या चारायचो. त्यामुळे व्हिएतनाममध्ये चंपा राज्यातली विटांची शिवमंदिरं आहेत हे कळलं, तेव्हाच ठरवलं, एकदा जायचंच.

पासपोर्टला टीसी आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक आडवा आला. आधी आधार दुरुस्त केलं, मग अर्ज केला. १५०० रुपये भरले, ठाण्यातून पडताळणी झाली आणि पासपोर्ट पोस्टाने घरी आला.

खरी अडचण व्हिएतनामच्या ई-व्हिसात आली. तालुक्यातल्या ऑनलाइनच्या दुकानात फॉर्म भरायला बसलो. मुलगा म्हणाला, "काका, बापाचं नाव काहाले टाकता? तिकडे कोण पाहते!" मीही ऐकलं. व्हिसा आला तेव्हा पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव, व्हिसावर मात्र माझं एकट्याचं. २५ डॉलर बुडाले, फी परत मिळत नाही. दुसऱ्यांदा पासपोर्ट समोर ठेवून स्वतःच भरला, एकेक अक्षर बोट ठेवून. कोणत्या विमानतळावर उतरणार तेही त्यात लिहावं लागतं. मी दा नांग लिहिलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात थु बोन नदीला पूर येतो आणि दा नांगजवळच्या होई आन या जुन्या शहराच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. आपल्याकडे तेव्हा धानकापणीच असते, म्हणून फेब्रुवारीत गेलो. होई आन सुंदर आहे. तिथला जपानी पूल त्यांच्या वीस हजारांच्या नोटेवरही आहे.

पण माझा जीव मिसोनमध्ये, म्हणजे चंपाच्या त्या विटांच्या शिवमंदिरांत अडकला. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने इथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली. आज उभी असलेली देवळं त्यानंतरची. १९६९ साली अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात कितीतरी पडली. ते खड्डे अजून दिसतात, गवताने भरलेले. विटांच्या सांध्यात चुना शोधूनही सापडत नाही. मी तळहात टेकवला. उन्हाने तापलेली, थोडी खरबरीत, आपल्या टेकडीवरच्या विटेसारखीच लागली. भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे डागडुजी केली, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. पाटीवर हे वाचताना डोळे भरून आले.

पुढे कंबोडियात सिएम रीपला गेलो. त्यांचाही ई-व्हिसा घरूनच, आता सवयीने, स्वतः भरलेला होता. तिथल्या अंगकोरच्या जुन्या मंदिरांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा. खिडकीवर फोटो काढून पासवर छापून देतात. पहाटे अंगकोर वाटच्या खंदकाकाठी उभा राहिलो, आणि तिथूनच गावी फोन लावला.