शिआनच्या तीन रात्री

थांग राजवटीत, म्हणजे सातव्या शतकापासून दहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, चीनमधल्या आजच्या शिआनला छांगआन म्हणत आणि त्या नगरीत रात्री मुख्य रस्त्यावर फिरणे हा गुन्हा होता. शंभराहून अधिक भिंतबंद पेठांमध्ये शहर विभागलेले होते. संध्याकाळचे नगारे वाजले की पेठांचे दरवाजे बंद होत आणि त्यानंतर बाहेर सापडणाऱ्याला वीस फटके मारावेत असे कायद्यातच लिहिलेले होते. ही बंदी मुख्यतः कंदिलांच्या सणापुरती उठत असे. हे वाचून गेलेल्या मला, आज थांगवैभवाच्या नावाने उभ्या केलेल्या रस्त्याचे नाव ‘ता थांग पु ये छंग’, म्हणजे ‘महान थांगांचे रात्र नसलेले नगर’, असे आहे हे कळल्यावर हसू आवरले नाही.

पहिली रात्र अर्थातच तिथे गेली. सुमारे दोन किलोमीटरचा हा पादचारी रस्ता दिव्यांनी इतका लखलखतो की डोळ्यांना थोडा त्रासच होतो. भाड्याने घेतलेले रेशमी पोशाख, उंच अंबाडे आणि कपाळावर लाल नक्षी अशा थाटात शेकडो तरुणी भाडोत्री छायाचित्रकारांसह फिरत असतात. मी नाक मुरडण्याच्या तयारीनेच गेलो होतो. पण फुटपाथच्या कडेला, पायघोळ झगा सावरून उकिडवी बसलेली एक राजकन्या कागदी वाडग्यातून शेवया ओरपत होती आणि तिची आई तिच्या दोन्ही लांब बाह्या रश्शात बुडू नयेत म्हणून वर धरून उभी होती, ते पाहून माझा विरोध मावळला.

याच रस्त्याच्या उत्तर टोकाजवळ इ. स. 652 मध्ये बांधलेला महाहंस पॅगोडा आहे. ह्युएनत्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो उभारला गेला आणि आवारापुढच्या चौकात खुद्द त्याचा पुतळा आहे. महाराष्ट्राचे लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे ज्या भिक्षूने दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल नोंदवून ठेवले, त्याच्या पायाशी पुण्याच्या माणसाने दोन मिनिटे थांबणे मला आवश्यक वाटले.

तिथेच माझ्या फोनची बॅटरी संपली. चीनमध्ये ही साधी घटना नव्हे, कारण पाणी विकत घेण्यापासून नकाशापर्यंत सारे फोनवरच चालते. निघण्यापूर्वी अलीपे हे पैसे देण्याचे ॲप उतरवून त्याला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवावे, दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर वेगळे शुल्क लागत नाही. गुगलचे नकाशे तिथे चालत नाहीत, म्हणून स्थानिक नकाशाही आधीच घ्यावा. हे सगळे मी केले होते. दुकानोदुकानी भाड्याने मिळणाऱ्या चार्जिंगच्या बॅटऱ्याही समोर दिसत होत्या, मात्र ती बॅटरी सोडवण्यासाठी आधी फोनने कोड स्कॅन करावा लागतो! शेवटी पॅगोड्यापासून सरळ उत्तरेला जाणारा रस्ता धरला आणि जुन्या शहराचा मिंगकालीन तट दिसेपर्यंत चालत राहिलो. तेव्हापासून चार्जिंगची बॅटरी पासपोर्टच्या शेजारीच ठेवतो.

दुसरी रात्र मुस्लिम मोहल्ल्याची. ढोलमनोऱ्यामागचा मुख्य रस्ता पर्यटकांनी इतका फुलतो की तिथे खाण्यापेक्षा ढकलले जाणेच अधिक होते. त्याऐवजी थोडे पश्चिमेला, साजिनछ्याओ भागातील गल्ल्यांत जावे. ‘यांगरौ पाओमो’ हा तिथला खरा पदार्थ. आपल्यापुढे रिकामा वाडगा आणि घट्ट भाजलेली जाड भाकर ठेवतात. ती आपणच हरभऱ्याच्या दाण्याएवढी कुसकरायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. माझे तुकडे पाहून मालकीणबाईंनी मान हलवली आणि वाडगा पुन्हा माझ्यापुढे सरकवला. अर्धा तास बोटे दुखेपर्यंत कुसकरल्यावर जे आले, त्यासोबत गोड मुरवलेला लसूण होता, आणि बाहेर सळईवरच्या मांसावर भुरभुरलेल्या जिऱ्याचा वास थेट घरचा होता. माझी पत्नी शाकाहारी आहे. तिला ‘ल्यांगफी’ म्हणजे व्हिनेगर आणि तिखट तेलातल्या थंड रुंद शेवया मानवल्या. मात्र ‘मांस नको’ हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवलेले बरे, कारण केवळ शाकाहारी म्हटल्याने रश्शातले मांस वगळले जाईलच असे नाही.

बारची हौस असणाऱ्यांसाठी दक्षिण दरवाजाजवळ तफू गल्ली आहे. आम्ही एक बिअर घेऊन निघालो.

तिसऱ्या रात्री तटाबाहेरच्या खंदकाकाठच्या बागेत गेलो. तिथे दिव्याखाली दहा-पंधरा ज्येष्ठ मंडळी ‘छिनछ्यांग’ हे शांशी प्रांताचे नाट्यसंगीत गात होती. कोणी बनहू हे तंतुवाद्य वाजवत होते, कोणी लाकडी ठोकळ्यांवर ताल धरत होते, आणि गाणारे आजोबा शाहिरालाही लाजवेल अशा खड्या आवाजात शिरा ताणून गात होते. तिकीट नाही, मंच नाही, आणि चहाचे थर्मास ज्याचे त्याने आणलेले. ठोकळे वाजवणाऱ्या आजींनी आमच्याकडे पाहून ‘यिन्दू?’ असे विचारले. भारतातून आलो हे मानेने सांगताच त्या ‘थांगसंग!’, म्हणजे थांगांचा भिक्षू, आपला ह्युएनत्संग, असे म्हणून खळखळून हसल्या, हात जोडले, आणि घडीचे एक स्टूल आमच्याकडे सरकवले.