ओनीच्या मागावर क्योतोची प्रदक्षिणा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात क्योतोत पहाटेचा पारा शून्याच्या आसपास असतो, कामो नदीवरचा वारा कानशिलं बधिर करतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव ‘वसंत आला’ म्हणून भाजलेले दाणे उधळत असतं. आपण ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतो तोवर थंडी बऱ्यापैकी पळालेली असते. सेत्सुबुन या सणाला जपानी माणूस थंडीला फक्त नोटीस बजावतो.

सेत्सुबुन म्हणजे ऋतूंचा सांधा. असे सांधे वर्षात चार, पण सण म्हणून टिकला तो वसंताच्या आदल्या दिवसाचा. जुन्या पंचांगात वर्षही याच सुमारास पालटायचं, त्यामुळे सरत्या वर्षाची पीडा घराबाहेर काढण्याचे सगळे विधी याच दिवसाला येऊन चिकटले. तिकिटं काढण्याआधी तारीख मात्र तपासा. सूर्य ३१५ अंशांवर पोहोचतो तो वसंताचा पहिला दिवस आणि त्याची आदली रात्र ती सेत्सुबुन. हा क्षण दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्ष त्याला मागे ओढतं. म्हणून एरवीची ३ फेब्रुवारी २०२१ मध्ये २ फेब्रुवारी झाली, १८९७ नंतर पहिल्यांदाच. २०२५ मध्ये पुन्हा २ तारीख आली, २०२९ मध्येही येईल. मधली वर्षं ३ तारखेची. देवळांचे कार्यक्रम तारखेबरोबर सरकतात, त्यामुळे एका दिवसाची चूक म्हणजे सगळंच हुकलं.

या दिवशी ज्याला हाकलायचं तो ओनी, म्हणजे जपानी राक्षस. डोक्यावर बैलाची शिंगं, कमरेला वाघाचं कातडं. हा वेश त्याला दिशेने दिला आहे. जुन्या दिशाचक्रात दिशांना प्राण्यांची नावं होती, त्यात बैल आणि वाघ यांच्यामधली दिशा ईशान्य, आणि जपानात ईशान्य हे ओनीचं दार. ईशान्येला देवघर मांडणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून जरा चमकायला होतं! क्योतोत मग रूढी अशी, की ओनीला ईशान्येच्या योशिदा देवस्थानातून पिटाळायचा, तो आग्नेयेला यासाकाकडे पळतो, तिथून नैर्ऋत्येला मिबुदेराकडे, आणि शेवटी वायव्येला कितानो तेन्मान्गूमध्ये कोंडला जातो. चारही ठिकाणी जाण्याला ‘शिहो-माइरी’ म्हणतात. नकाशावर पाहिलंत तर ही चक्क उजवी प्रदक्षिणा आहे. प्रवासाचा आराखडा म्हणून याहून चांगलं काही मला तरी सुचलेलं नाही.

सुरुवात सेत्सुबुनच्या आदल्या संध्याकाळी योशिदाला. क्योतो स्टेशनवरून २०६ क्रमांकाची बस ‘क्योदाइ सेइमोन-माए’ला सोडते, बस तुडुंब असेल तर केइहान रेल्वेने देमाचीयानागीला उतरून वीसेक मिनिटं चालावं. ओनी हाकलण्याचा विधी, त्सुइना, संध्याकाळी सहाला सुरू होतो. अंगण लहान आहे. दीड तास आधी उभं राहिलं नाही तर समोरच्यांची डोकी आणि त्यांनी वर धरलेले मोबाइल एवढंच दिसतं. लाल, निळा आणि पिवळा असे तीन ओनी येतात. राग, दुःख आणि क्लेश. त्यांच्या मागे त्यांना हाकलणारा होसोशी, सोनेरी मुखवट्याला चार डोळे, हातात भाला आणि ढाल. तो भाल्याने ढालीवर ठोके मारतो आणि ओनी हळूहळू मागे सरतात. शेवटी पीचच्या लाकडाच्या धनुष्यातून बोरूचे बाण सुटतात. पद्धत चीनमधून आलेली. ७०६ साली साथीच्या रोगात दरबाराने ती केल्याची नोंद आहे. गंमत अशी की पुढे कधीतरी हा चार डोळ्यांचा रक्षकच लोकांना इतका भयंकर वाटू लागला की काही ठिकाणी त्यालाच ओनी समजून हाकलायला लागले. मुखवटा जवळून पाहिला की त्यात नवल वाटत नाही.

विधी संपल्यावर गर्दी खाली खाऊच्या टपऱ्यांकडे वळते. आपण उलटं वर जावं. टेकडीवर दाइगेन्गू हे अष्टकोनी, गवती छपराचं देऊळ आहे आणि देशभरातले ३१३२ देव तिथे एकत्र मांडलेले आहेत. एरवी आतला भाग बंद असतो, सेत्सुबुनला उघडतो. जुने ताईत, अंगारे जाळण्याची होळी सेत्सुबुनच्या रात्री अकराला असते, पण राखेच्या विल्हेवाटीवरून ती मध्यंतरी अडली होती. यंदा आहे का, हे आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यासाका. गेइशांच्या वस्त्यांतल्या मुली नाचतात आणि दाण्यांच्या पुड्या फेकतात. फोटो छान येतात, बाकी विशेष नाही. तिथून हानक्यू रेल्वेच्या क्योतो-कावारामाचीवरून दुसरं स्टेशन ओमिया, आणि तिथून दहा मिनिटं चालत मिबुदेरा.

चारांतलं एकच ठिकाण निवडायचं असेल तर मी हे निवडेन. इथे मूकनाट्य होतं, मिबु क्योगेन. सुरुवात १३०० सालची सांगतात; गर्दी एवढी की आवाज पोहोचेना, म्हणून शब्द सोडून हावभावांवर प्रवचन केलं. सेत्सुबुनच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत दर तासाला तोच खेळ, फुकट. नाव ‘सेत्सुबुन’. एका विधवेच्या घरी ओनी येतो, जादूच्या हातोडीतून तिच्यासाठी भारी कपडे काढतो. ती त्याला दारू पाजून झोपवते आणि हातोडी, कपडे सगळं लंपास करते. जागा झालेला ओनी चिडतो तेव्हा ती त्याच्यावर दाणे फेकते. पाठीमागे घंटा, ढोल आणि बासरीचा ‘कान-देन-देन’ असा एकसुरी ठेका. दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा. संध्याकाळच्या खेळांना जागा मिळते. फोटो काढू देत नाहीत.

बाहेर मातीची होराकू विकतात, म्हणजे दाणे-तीळ भाजायचं उथळ खापर, आपल्या परळासारखं. त्यावर शाईने नाव, वय, स्त्री की पुरुष हे लिहून देवळातच ठेवून यायचं. २९ एप्रिल ते ५ मे या वसंतातल्या खेळांत ही खापरं रंगमंचाच्या कठड्यावर रचतात आणि खाली ढकलून फोडतात. फुटलं की तुमची पीडा फुटली. घरी आणलं तर ते नुसतं खापर.

कितानोला जायला शिजो-ओमियावरून रांदेन ट्राम घ्यायची, काताबिरानोत्सुजीला बदलायची आणि कितानो-हाकुबाइचोला उतरायचं. तिथे उमेची, म्हणजे जपानी प्लमची, पहिली फुलं दिसतात, ऐन बहर २५ फेब्रुवारीच्या उत्सवाच्या सुमारास. एक अडचण आहे. कामोच्या पश्चिम काठाजवळच्या रोझानजीत सेत्सुबुनला दुपारी तीनला ओनींचा नाच असतो आणि तो या प्रदक्षिणेत बसत नाही. तिथले ओनी लाल, निळा, काळा म्हणजे लोभ, द्वेष, मोह. हातात तलवार-मशाल, कुऱ्हाड आणि हातोडा. पाय आपटत येतात, आतल्या होमात विघ्न आणायला शिरतात आणि बाण, दाणे खाऊन झिंगल्यासारखे बाहेर पडतात. पावणेतीनला पोहोचलात तर काही दिसणार नाही, दोनला पोहोचा. मग कितानो सकाळी उरकून घ्या. क्रम मोडला म्हणून ओनी सुटत नाही.

आता रात्रीचं. खरं सेत्सुबुन घरातच होतं आणि भाड्याच्या खोलीतही करता येतं. दाणे सोयाबीनचे, भाजलेलेच. कच्चा दाणा कोपऱ्यात राहून उगवला तर हाकललेली पीडा रुजली असं मानतात. दुकानात पाकीट मिळतंच, घरी करायचे तर दाणे रात्रभर भिजवावेत, फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत आणि जाड तव्यावर मंद आचेवर वीसेक मिनिटं हलवत राहावं. साल तडकून आतून सोनेरी दिसलं की झालं. आच वाढवली तर बाहेरून काळे, आतून कचवट. चव थेट फुटाण्यांची. लाकडी मापात भरून देवापुढे ठेवायचे. अंधार पडला की खिडकी उघडून आतल्या खोलीपासून दाराकडे येत ‘ओनी वा सोतो’ म्हणत बाहेर फेकायचे, लगेच खिडकी लावायची आणि मग ‘फुकु वा उची’ म्हणत आत. ओनी बाहेर, भाग्य आत. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मी बाहेर काढणाऱ्या घरांना हे शिकवावं लागणार नाही. शेवटी वयाइतके दाणे, काही घरांत एक जास्त, खायचे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात म्हणून जपान सरकारही दरवर्षी बजावतं. होक्काइदोत टरफलासकट शेंगदाणे फेकतात. बर्फात सापडतात आणि उचलून खाता येतात. मला ही सुधारणा फार पटते.

दारावर हिइरागीची काटेरी फांदी आणि तिच्यात खोवलेलं भाजलेल्या तारलीचं डोकं लावतात. काटे ओनीच्या डोळ्यांत जातात आणि वासाने तो पळतो. हिइरागी दिसते नाताळच्या हॉलीसारखी, पण कूळ मोगऱ्याचं. फांदी कोवळ्या झाडाची घ्यावी, जुन्या झाडाच्या पानांचे काटे जातात. मांजरं मात्र अजिबात घाबरत नाहीत.

जेवणाला एहोमाकी: सात जिन्नस भरलेली जाड सुशी, न कापता, न बोलता, त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून संपवायची. दिशा वर्षाच्या शेवटच्या अंकावरून कळते. ४, ९ असेल तर पूर्व-ईशान्य. ०, ५ तर पश्चिम-नैर्ऋत्य. २, ७ तर उत्तर-वायव्य. १, ३, ६, ८ तर दक्षिण-आग्नेय. मूळ प्रथा ओसाकाकडची. १९९८ पासून सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने ती देशभर विकली आणि मग इतकी वाया जाऊ लागली की २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला दुकानदारांना बेताने करा असं सांगावं लागलं. घरी करताना भात कोमट हवा, गरम भाताने नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा बाहेरचा कागद, आक्रसते. नोरीची खरबरीत बाजू वर, वरच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर मोकळे, आणि गुंडाळल्यावर जोड खाली ठेवून पाच मिनिटं थांबायचं. फाटते ती भात जास्त झाल्यामुळे. शाकाहारी मंडळींनो, आतली तपकिरी पट्टी कानप्यो म्हणजे वाळवलेला दुधी भोपळाच, पण बहुधा माशाच्या पाण्यात शिजवलेला. आणि तो गुलाबी गोड भुगाही मासाच. अर्धी एहोमाकीही मिळते, तोंडाला तीच बरी.

थंडी खरी कधी जाते म्हणाल, तर क्योतो-ओसाकाकडचे, म्हणजे कानसाइचे लोक सांगतात, नारा शहरातला ओमिझुतोरीचा विधी झाल्यावर. १ ते १४ मार्च, तोदाइजीच्या निगात्सुदो देवळात, ७५२ पासून खंड न पडता. रोज संध्याकाळी सातला गॅलरीवरून मशाली धावतात, १२ तारखेला साडेसातला, १४ ला साडेसहाला आणि तेव्हा सगळं दहा मिनिटांत संपतं. १२ तारखेच्या मशाली सर्वांत मोठ्या, साधारण ७० किलोच्या, म्हणून गर्दीही तेव्हाच फार. पहिल्या आठवड्यातला कामाचा वार गाठा. ठिणग्या अंगावर पडणं शुभ समजतात. नायलॉनचं जाकीट घालून खाली उभं राहू नका, भोकं पडतात.